ठराव फिरवला त्या श्रावणात

माझ्या सासऱ्यांना महाडात सगळे भला माणूस म्हणत. भला माणूस कुणाला म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. ज्याच्या ओटीवर कुणीही येऊन बसावं, काहीही ऐकवावं, आणि ज्याने उठून 'चालते व्हा' म्हणू नये, तो भला माणूस. मामंजी तसे होते. त्यांची भाताची वखार होती, गावाबाहेर थोडी शेती होती, आणि म्युनिसिपालिटीत ते सभासद होते. सभासदाचं काम त्या वेळी म्हणजे दिव्याचे खांब, तुंबलेली गटारं आणि कोंडवाड्यातली गुरं. तेवढ्याला भलेपणा पुरत असे.

मी पोलादपुराकडची, कापड्याची. भाताच्या खाचरांत वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. नवरा मुंबईला गोदीत कामाला. शिमग्याला आणि गणपतीला यायचा, आल्या आल्या 'टाइम नाय' म्हणायचा, आणि मग परत जाईपर्यंत झोपायचा. घरात उरलो मामंजी, मी आणि माझी नणंद. ती माझ्याहून वर्षभराने धाकटी. चारचौघांत मी तिला 'अहो वन्सं' म्हणायची आणि परसात दोघीच असलो की 'अगो'. माझ्या 'हाय' आणि 'नाय'ला आळीतल्या बायका पदराआड हसायच्या. तिने त्यांच्याशी भांडण केलं नाही. ती स्वतःच त्यांच्यासमोर 'हाय-नाय' बोलायला लागली, आणि म्युनिसिपालिटीच्या सभासदाच्या मुलीला हसायची कुणाची छाती नव्हती. एवढ्या एका गोष्टीसाठी मी तिला जन्मभर सोडली नसती. तिची आठवण छळते म्हणून मी हे लिहायला बसले आहे. तळ्याचा इतिहास सांगायला दुसरे पुष्कळ आहेत.

चवदार तळं आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिथे सगळं गाव पाणी भरायचं, गुरं उतरायची, म्हशी डुंबायच्या. फक्त अस्पृश्यांनी पाण्याला हात लावायचा नाही. मी या घरात येण्याआधीच म्युनिसिपालिटीने ठराव केला होता की तळं सर्वांना खुलं आहे. त्या ठरावाला मामंजींचा हात वर होता. त्याचं त्यांना कौतुक होतं, आणि भीती नव्हती, कारण ठराव दप्तरात पडून होता आणि तळ्यावरच्या घागरी होत्या त्याच होत्या. कागद काही कुणाला चावत नाही. दोन-तीन वर्षं तो कुणाला चावला नाही.

मग त्या शिमग्यात माणसं आली. होळीची राख अजून गरम होती. गावोगावचे लोक पायी, भाकऱ्या बांधून आले, सभा झाली, आणि दुसऱ्या दिवशी ते रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. एवढंच झालं. दुपारनंतर गावात आवई उठली की आता ते देवळात शिरणार, आणि जो तो काठी शोधायला लागला. आम्ही दोघींनी दार लावून घेतलं. बाहेर पळापळ, मारामारी, एका बाईचं ओरडणं, हे सगळं दाराला कान लावून ऐकलं. पुढे भटजींनी मंत्र म्हटले, आणि शेण, गोमूत्र, दूध, दही घागरींनी ओतून तळं शुद्ध करून घेतलं. नणंद म्हणाली की इतकी वर्षं म्हशी डुंबल्या तेव्हा हे शेण कुठे गेलं होतं. मामंजींनी तिला गप्प बस म्हटलं, पण ते स्वतः घागर घेऊन गेले नव्हते. हेही लोकांनी पाहून ठेवलं.

आमच्याकडे गवताचा भारा घेऊन महारवाड्यातली एक बाई यायची. भारा परसाच्या कडेला टाकायची, नणंद उंचावरून तिच्या ओंजळीत पाणी घालायची, आणि दोघी म्हशीच्या दुधापासून पोरांच्या खोकल्यापर्यंत गप्पा मारायच्या. त्या दंग्यानंतर बरेच दिवस ती आली नाही. आली तेव्हा डोक्याला फडकं बांधलेलं होतं आणि एक डोळा सुजून मिटला होता. नणंदेने विचारलं तर ती म्हणाली, "ठरावात काय लिवलंय ते आमाला वाचता कुटं येतंय? म्हनून पिऊन बगितलं."

मग भाऱ्याची दोरी सोडता सोडता तिने वर पाहिलं. "तुज्या बापाचा हात हाय ना गो त्या ठरावावर? तो खाली घेऊ नको म्हनावं."

नणंद म्हणाली, "नाय घेणार." बापाला न विचारता तिने बापाच्या वतीने शब्द दिला. तिला वाटलं, आपला बाप आपल्याला ठाऊक आहे.

इकडे तिचं लग्न ठरलं होतं. माघात साखरपुडा झाला होता, रायगडाच्या वाटेवर नाते म्हणून गाव आहे तिथल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या मुलाशी. मुलगा पाहायला आला तेव्हा त्याने पाणी प्याल्यावर तांब्या फुलपात्रासह उचलून आत आणून ठेवला, एवढ्यावरच ही बया खूश. मी तिला चिडवायची की नवरा नव्हे, घरगडी शोधलास. ती लाजायची आणि पुन्हा तीच गोष्ट माझ्या तोंडून ऐकायला अवतीभोवती घोटाळायची. वैशाखात लग्न धरलं होतं.

मामंजींना पहिला धक्का पालखीने दिला. शिमग्यात देवाची पालखी दारोदार येते. दारात नाचवतात, घरची बाई आरती ओवाळते, ओटी भरते. आम्ही सडा घातला, मी ताट घेऊन उंबऱ्यात उभी, मामंजी नारळ घेऊन शेजारी. शेजाऱ्यांच्या दारात पालखी चांगली घटकाभर नाचली. आमच्या दारापाशी ढोल थांबले, खांदेकऱ्यांनी माना खाली घातल्या आणि झपाझप पुढे गेले. कुणी शिवीही दिली नाही. माझ्या ताटातला कापूर जळून विझला. मामंजी म्हणाले, देवाने पाठ फिरवली. मला असा संताप आला होता, मी म्हटलं, देवाने कुठे, खांदेकऱ्यांनी फिरवली. पण सुनेचं कोण ऐकतं.

त्यानंतर न्हावी यायचा बंद झाला. बिचाऱ्याने मागच्या दाराने येऊन सांगितलं की मालक, मला याच गावात राहायचंय. वखारीकडे येणाऱ्या भाताच्या गाड्या कोपऱ्यावरून वळून दुसरीकडे जाऊ लागल्या. परटाने कपडे न धुता परत आणून ठेवले. दुसरे एक सभासद होते, त्यांच्या पेंढ्याची उडवी भर दुपारी पेटली, आणि विझवायला शेजारी पाहत उभे राहिले. आणखी एकांना, ठराव फिरवायची सभा बोलवायचं ठरल्याबरोबर, आपले डोळे मुंबईच्या डॉक्टरला दाखवायला हवेत असं आठवलं. सभा होऊन गेली आणि त्यांना लख्ख दिसायला लागलं, तेव्हा ते परत आले. या सगळ्याला धमकी म्हणावं असं कुणी काही बोललं नव्हतं. आमच्याकडे धमकी देणारा माणूस तुमच्याच ओटीवर बसून तुमचीच सुपारी कातरतो.

तसे ते आले. आषाढ सरत आला होता. गावातले दोघे आणि तिसरे नातेगावचे व्याही. वैशाखातलं लग्न त्यांनी आधीच 'घरात अडचण आहे' म्हणून पुढे ढकललं होतं. चहा झाला, पावसाचं बोलणं झालं, लावणी कुणाची किती झाली ते झालं. मग व्याही अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुमची लेक ती आमची लेक. पण अक्षता टाकायला माणसं आली पाहिजेत ना मांडवात? ठराव फिरवायला तुमचा हात वर झाला की आम्ही उद्या मुहूर्त काढतो." मामंजी सुपारीच्या तबकाकडे बघत राहिले. भला माणूस. चालते व्हा म्हणाले नाहीत.

आत आम्ही दोघी ऐकत होतो. नणंदेने त्या संध्याकाळी बापाला वाढलं, आणि वाढता वाढताच बोलली. "आबा, माझं लग्न मोडलं तर मोडू दे. मी वहिनीजवळ राहीन. तुम्ही हात वर करू नका."

मामंजी म्हणाले, तू जेवून घे.

मी त्या माणसाला दोष देत नाही, आणि सोडतही नाही. त्यांची एकच मुलगी. साखरपुडा झालेली मुलगी परत घरात बसली की आळी तिचं काय करते हे त्यांनी पाहिलेलं होतं. तिचा चेहरा त्या मुलाच्या नावाने कसा खुलायचा तेही त्यांना दिसत होतं. ती लग्नावर पाणी सोडते आहे हे त्यांना पोरीचं वेड वाटलं असेल. मायेपोटी माणूस जितका भितो तितका वाघाला भीत नाही.

श्रावण लागला होता. आळीत माहेरवाशिणी नागपंचमीला आलेल्या, झोके बांधलेले. सभा झाली आणि ठराव फिरला. मामंजी छत्री मिटत ओटीवर आले तेव्हा चार माणसं त्यांच्या मागोमाग आली, इतके महिने न फिरकलेली. नणंद त्यांचे पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. कुणीतरी विचारलं, काय झालं? मामंजी मोठ्याने म्हणाले, "मला पटलं म्हणून मी हात वर केला. कुणी सांगितलं म्हणून नव्हे."

तिने तांब्या तिथेच ठेवला आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी हजर. दाढी फार वाढली की मालक, म्हणाला, जसं काही मामंजीच त्याला चुकवून हिंडत होते. गाड्या वखारीकडे वळल्या. परीट आला. गवताची ती बाई मात्र आमच्या परसात पुन्हा आली नाही, दुसरीकडे भारा टाकू लागली. एकदा आम्हा दोघींना रस्त्यात समोरून आली. रागाने पाहिलंही नाही, नेहमीसारखी सावली वाचवून कडेला सरकली. नणंद घरी येऊन चुलीपुढे बसली आणि रडली. म्हणाली, शिवी तरी द्यायची होती गो तिने.

मार्गशीर्षात लग्न झालं. थाटात झालं. अक्षता टाकायला सगळं गाव होतं. पाठवणीला मी तिची ओटी भरत होते, मामंजी जवळ आले, त्यांचे डोळे वाहत होते. ती त्यांच्या पाया पडली आणि उठताना हळूच म्हणाली. मी इतकी जवळ होते म्हणून ऐकलं.

"आबा, भ्यालात याचं मला काही नाही. पटलं म्हणालात ते नको होतं. ज्या दिवशी चार माणसांत 'भिऊन केलं' म्हणाल, त्या दिवशी मला मूळ धाडा. तोवर नको."

मूळ म्हणजे काय ते हल्लीच्या मुलींना सांगावं लागेल. सासरी गेलेल्या लेकीने आपण होऊन माहेरी यायचं नाही. माहेरचं कुणी तिला न्यायला जातं, त्याला मूळ म्हणतात. मूळ आलं की सासू परवानगी देते, लेक बोचकं बांधते आणि गाडीत बसते. मामंजींनी पहिल्या संक्रांतीलाच गडी धाडला. गडी परत आला तो कडव्या वालांची पिशवी घेऊन. सासरी काम आहे, असा निरोप. गौरीला धाडला, दिवाळीला धाडला. दर वेळी गाडीत वाल, नाहीतर कुळीथ, नाहीतर भोपळा. तिच्या सासरचे आनंदाने पाठवायला तयार होते, तीच निघत नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून मामंजींनी पाळण्याच्या दोऱ्या बदलून घेतल्या, माळ्यावरचं बाळंतिणीचं बाजलं उतरवून उन्हात टाकलं. ती सासरीच बाळंत झाली. आळीत बायका विचारायच्या, बापाशी बिनसलंय काय हो? मी म्हणायची, लेक सुखात आहे म्हणून माहेर आठवत नाही.

मला तिच्यावाचून ते घर खायला उठायचं. परसात गेलं की मी आपलीच कुणाशी तरी 'अगो' म्हणायची. कधी एखाद्या लग्नात ती भेटायची. आम्ही दोघी पंगत सोडून कुठल्यातरी गोठ्याआड जाऊन बसायचो, ती माझा हात धरून ठेवायची. आबा खोकतात काय, जेवतात काय, सगळं विचारायची. मी म्हणायची, चल की. ती म्हणायची, "वहिनी, मला किती यावंसं वाटतं ते तुला सांगता यायचं नाय. पण मी त्या बाईला शब्द दिला होता. तो त्यांनी मोडला, मोडू दे. मोडला असं तरी म्हणावं." मला तिचा रागही यायचा. एवढं काय ते, म्हातारा झुरतोय. पण मग वाटायचं, या गावात एका तरी माणसाला खऱ्या-खोट्याची एवढी चाड आहे, आणि ते माणूस माझं आहे.

आणि मामंजींना ते चार शब्द म्हणवत नव्हते. एकदा भ्यालेला माणूस भ्यालो होतो हे सांगायला आणखी भितो. वर्षं गेली. तळ्यावरून कोर्टात खटला चालू होता, तारखा पडत होत्या. मामंजींनी सभासदपण सोडलं. वखार नवऱ्याने मुंबईहून येऊन सांभाळायला घेतली. मामंजी ओटीवर बसून रस्त्याकडे बघायचे.

मग मुंबईच्या कोर्टाचा निकाल आला. तळं खुलं. गावात कुणी काठी शोधली नाही. त्याच आठवड्यात शेजारी सत्यनारायण होता. प्रसादाला माणसं बसलेली, त्यांत त्या वेळी आमच्या ओटीवर सुपारी कातरणाऱ्यांतले दोघे होते. मी बायकांत होते. एकजण म्हणाला, कोर्ट काही म्हणो, तेव्हा आपल्या सगळ्यांचं एकमत होतं. मामंजींच्या हातात प्रसादाचा द्रोण होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"एकमत नव्हतं," ते म्हणाले. "मी भिऊन हात वर केला. तुम्ही माझ्या ओटीवर बसून मला भिववलंत, आणि मी भ्यालो. मला पटलं नव्हतं."

भटजींनी आरतीची घंटा शोधायला सुरुवात केली. मामंजी उठले तेव्हा मला दहा वर्षांनी धाकटे दिसले. घरी येऊन मला म्हणाले, या वेळी गडी नको, तूच मूळ म्हणून जा. काय बोललो ते तिला तुझ्या तोंडून कळू दे.

सकाळी मी बैलगाडीने नातेगावला गेले. वाटभर मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. ती अंगणात भात वाळत घालत होती. गाडीत मला पाहून आधी घाबरली, तिला वाटलं आबांचं काही बरंवाईट झालं. मी तिला सगळं सांगितलं, द्रोण खाली ठेवला इथपासून. ती ऐकत होती आणि तिच्या तोंडावर तो पूर्वीचा रंग चढत होता. "लोकांत म्हणाले? आबा? तू होतीस?" असं तिने मला तीनदा विचारलं. मग हातातलं भात तिथेच टाकून ती आत धावली. लुगडं, मुलीचं परकर-पोलकं, आबांसाठी वाल, सगळं एका धडप्यात घालून तिने बोचकं बांधलं, बाहेर येऊन चपला पायांत घालून उभी राहिली. म्हणाली, "येते मी. चल गो."

तेव्हा तिचे सासरे ओटीवर आले. सत्यनारायणाची बातमी माझ्या गाडीच्या आधी पोचली होती. आवाज तसाच मऊ. त्यांनी मला बसायला सांगितलं, गूळपाणी विचारलं, आणि म्हणाले, "तुमच्या मामंजींनी चारचौघांत आमच्यावर बोट ठेवलं असं कळलं. त्या घरचं मूळ यापुढे आमच्या दारात चालणार नाही." तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खांबाजवळ उभा होता. चांगला माणूस, पण बापापुढे त्याने मान वर केली नाही. तिच्या हातातलं बोचकं सासूने काढून घेतलं, अगदी हळू, आजारी माणसाच्या हातातून वाटी घ्यावी तसं. मी गाडीत एकटी बसले. बैल वळले तेव्हा ती चपला घालून अंगणात तशीच उभी होती.

मामंजी ओटीच्या पायरीवर येऊन थांबले होते. गाडी मोकळी पाहून त्यांना काय कळायचं ते कळलं असणार. मला खोटं सांगता आलं असतं, पण त्या घरात खोट्याची किंमत फार पडली होती. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं.

"म्हणजे ती निघाली होती?"

"निघाली होती. चपला घातल्या होत्या."

"बोचकं बांधलं होतं?"

"बांधलं होतं, मामंजी. तुमच्यासाठी वाल घेतले होते."

त्यानंतर ते वर्षभर जगले. संध्याकाळी दिवा लावला की मला जवळ बोलवायचे आणि ती गोष्ट पुन्हा सांगायला लावायचे. भात टाकून कशी धावली, तीनदा कसं विचारलं, काय काय बोचक्यात घातलं. मी बोचक्याला गाठ मारण्यापर्यंत आले, ती 'येते मी' म्हणाली इथवर आले, की ते हात वर करून मला थांबवायचे. पुढचं त्यांनी मला एकदाही सांगू दिलं नाही.